पडलेल्याला उभे करणे हीच सेदाका



धर्मोपदेशात मुष्टियुद्धाच्या चित्रपटाचे काय काम, असे आपणांस वाटेल. परंतु २००५ साली निघालेला ‘सिंड्रेला मॅन’ हा चित्रपट पाहून आम्हांला सेदाकाचा अर्थ नव्याने उमगला.

गोष्ट खरी घडलेली आहे. १९२९ साली अमेरिकेतील शेअरबाजार कोसळला आणि पुढे लाखो लोक बेकार झाले. जिम ब्रॅडॉक या मुष्टियोद्ध्याचा उजवा हात मोडला, सामने मिळेनासे झाले. बायको व तीन मुलांचे पोट भरण्यासाठी तो न्यू जर्सीच्या गोदीत हमाली करू लागला. तेही काम रोज मिळेना. अखेर तो मान खाली घालून सरकारी मदतीच्या रांगेत उभा राहिला.

अशा वेळी त्याचा यहुदी मॅनेजर जो गूल्ड याने त्याला सोडले नाही. स्वतःच्या घरातील सामान विकून गूल्डने त्याच्या सरावासाठी पैसे उभे केले, असे चित्रपटात दाखविले आहे. १९३४ साली ब्रॅडॉक पुन्हा रिंगणात उतरला. १३ जून १९३५ रोजी त्याने मॅक्स बेअरचा पराभव करून जगज्जेतेपद मिळविले. बेअरच्या चड्डीवर मागेन दाविद होता, तो साऱ्या जगाने पाहिला. गूल्डचा मागेन दाविद त्याच्या करणीत होता.

आणि ब्रॅडॉकने काय केले? हाती पैसा येताच घेतलेली सरकारी मदत त्याने परत केली.

गरीब भावापुढे मूठ मिटू नका, त्याची गरज भागेल एवढे द्या, अशी आज्ञा देवारीमच्या १५ व्या अध्यायात आहे. रामबाम यांनी सेदाकाच्या आठ पायऱ्या सांगितल्या. भीक घालणे ही सर्वांत वरची पायरी नव्हे. कर्ज, भागीदारी किंवा काम देऊन माणसाला पुन्हा हात पसरावा लागू नये असे करणे, ही ती पायरी. सेदाकावर जगणाऱ्यानेही सेदाका द्यावी, असे आपले हाखाम सांगतात. म्हणजे घेणाऱ्याचा मानही राहतो.

आम्ही भारत सोडून या देशात आलो, तेव्हा आमच्यापैकी किती जणांना कोणी तरी पहिली नोकरी दाखविली, पहिले भाडे भरले! आज आपल्याच सिनेगॉगमध्ये मागच्या बाकावर कोणी लाजेने गप्प बसला असेल. त्याला सर्वांदेखत नोट देऊ नका. त्याच्या घरी जा, कामाचे विचारा. आणि ज्याच्यावर वेळ आली आहे, त्याने मदत घेताना लाजू नये. आज घ्यावे, उद्या दुसऱ्याला द्यावे.

परमेश्वर आम्हां सर्वांना असे देण्याचे व घेण्याचे बळ देवो. आमेन.