हौसेची सायकल, गरजेची सायकल

थंडीच्या दिवसांत पहाटे सायकल चालवणाऱ्या मनुष्याविषयी आपणा सर्वांस सहजच आदर वाटतो. तो नेमका कशाबद्दल वाटतो, हे मात्र आपण क्वचितच तपासून पाहतो. बधिर झालेली बोटे, डोळ्यांतून येणारे पाणी, दहा हातांपलीकडचे न दिसू देणारे धुके, या सर्वांना तोंड देण्याच्या शक्तीबद्दल म्हणावे, तर वर्तमानपत्रे टाकणारा मुलगा रोज त्याच वेळी, त्याच रस्त्याने जात असतो. त्याच्याविषयी आदर व्यक्त झालेला आम्ही तरी ऐकलेला नाही. एकाची आपण चारचौघांत वाखाणणी करतो. दुसऱ्याला ‘भैया, आज देर कर दी’ एवढेच ऐकवतो. पारा दोघांसाठी तोच असतो. 1 जानेवारी 2021 रोजी दिल्लीच्या सफदरजंग वेधशाळेने 1.1 अंश सेल्सिअस एवढे किमान तापमान नोंदवले, ते काही माणसे पाहून नोंदवले नव्हते.

त्याच हिवाळ्यात आम्ही काही मराठी मंडळी रविवारी सकाळी रामकृष्णपुरम्‌हून शांतिपथापर्यंत सायकलीने जात असू. बहुतेक सारे सचिवालयातले: दोन लेखापाल, एक भाषांतरकार, आमच्यासारखे कारकून, आणि सेवानिवृत्त अवर सचिव असलेले एक वडीलधारे गृहस्थ, ज्यांना सगळे ‘अण्णा’ म्हणतात. मास्क नाकावर चढवला की चष्म्यावर वाफ धरते आणि उतरवला की मनात भय धरते, अशी ती सारी कसरत होती. लोकरीचे हातमोजे चांगले की कातड्याचे, माकडटोपीने कान झाकावेत की घंटी ऐकू यावी म्हणून उघडे ठेवावेत, अशा प्रश्नांवर मंत्रालयीन टिपणीस शोभेल इतका सूक्ष्म खल होई. पुण्यात वाढलेले लेखापाल मग सायकलींच्या पुण्याची आठवण काढून उसासे टाकीत. (त्या पुण्यातल्या सायकली पुढे कोठे गेल्या, हे त्यांना कोणी विचारीत नसे, त्यांची स्वतःची तर स्कूटरसाठी विकली गेली होती.)

बोलणे हटकून घरून करावयाच्या कामावर येई. भाषांतरकार एकदा म्हणाले, “अहो, कचेरीत जाण्यासाठी सायकल मारावी लागत होती तोवर मला ती नकोशी वाटे. आता जावे लागत नाही, तर मारावीशी वाटते.” सगळे हसले. आम्हांस मात्र त्या वाक्यात एक मोठा प्रश्न दडलेला दिसला, आणि प्रस्तुत लेख त्यातूनच निघाला आहे.

ते वाक्य सांगते ते असे, की कष्टातला आनंद कष्टात नसतो. तो परत फिरण्याची मुभा असण्यात असतो. चाणक्यपुरीच्या वळणावर वारा अंगाशी येऊ लागला, तर आम्ही हँडल वळवून घरी जाऊ शकत होतो. घरी चहा होता, आणि सोमवारी टेबलावर उघडायचा संगणक होता. ही मुभा होती म्हणूनच आमची थंडी हे साहस ठरले. तीच थंडी वर्तमानपत्रवाल्या मुलाला सोसावी लागते तेव्हा ती नुसती थंडी राहते. तो स्वेटरच्या आत छातीशी वर्तमानपत्राची घडी धरतो. वारा अडवण्याचा तो जुना आणि उत्तम उपाय आहे, आमच्यापैकी कोणाच्याही महागड्या अंगरख्याहून सरस. त्याची चर्चा मात्र आमच्यात कधी झाली नाही.

कोणी म्हणेल, त्यालाही कोणी बांधून आणलेले नाही. पैसे घेतो, खुशीने येतो. या ‘खुशी’चा विचार ॲरिस्टॉटलने आपल्या नीतिशास्त्राच्या तिसऱ्या खंडात करून ठेवला आहे. वादळात सापडलेला नावाडी गलबत वाचवण्यासाठी माल समुद्रात फेकतो. ते कृत्य त्याच्या इच्छेने घडते, कारण हात त्याचाच असतो. पण एरवी, शुद्धीवर असलेला कोणताही मनुष्य आपला माल पाण्यात टाकणार नाही. अशा कृत्यांना तो मिश्र म्हणतो, आणि ती ऐच्छिक कृत्यांच्या अधिक जवळची मानतो. येथे आम्हांस एक गोष्ट जोडावीशी वाटते. नावाड्याला वादळाने घेरले होते, आणि वादळाला दाद मागता येत नाही. सायकलवरच्या मुलाला घेरणारे वादळ पुष्कळसे आपणच रचलेले असते: त्याचा दर, त्याची वेळ, न मिळणारी रजा.

2020 साली या दोन सायकलींमधले अंतर सरकारी कागदावर आले. 19 मार्चच्या आदेशाने केंद्र सरकारच्या ‘ब’ आणि ‘क’ गटांतील निम्म्या कर्मचाऱ्यांनी कचेरीत यावे आणि निम्म्यांनी घरून काम करावे, दूरध्वनीवर सदैव उपलब्ध असावे, असे ठरले. येणाऱ्यांसाठी 9, साडेनऊ आणि 10 अशा तीन वेळा नेमल्या गेल्या. पुढे 25 मार्चपासून देशभर टाळेबंदीच आली. आदेश योग्य होता, याविषयी आम्हांस शंका नाही. परंतु घरी कोण बसू शकले, हे पाहण्यासारखे आहे. ज्याच्या कामाचा कागद होऊ शकतो, आणि त्या कागदाची पुढे विजेच्या तारेतून जाणारी नस्ती होऊ शकते, तो घरी बसला. झाडलोट, पहारा, औषध पोचवणे, भाजी आणणे यांची नस्ती होत नाही. ती करणारे बाहेर राहिले, किंवा त्यांचे काम गेले. टाळेबंदीच्या आरंभी संसर्गाच्या भीतीने अनेक घरांनी वर्तमानपत्र बंद केले, त्याबरोबर ते टाकणाऱ्याची मिळकतही बंद झाली.

2011 च्या जनगणनेप्रमाणे, शेती आणि घरगुती उद्योग सोडून इतर कामे करणाऱ्यांपैकी सुमारे 13 टक्के लोक सायकलीने कामावर जात होते. त्यांच्यातले फारच थोडे ती हौसेने चालवत असतील. महासाथीत मात्र चर्चा झाली ती हौसेच्या सायकलीची. दुकानांतून गिअरच्या सायकली मिळेनाशा झाल्या, असे जो तो कौतुकाने सांगे. त्याच उन्हाळ्यात, 3 जून 2020 रोजी, नेमक्या जागतिक सायकल दिनी, साहिबाबादचा ॲटलस सायकलींचा कारखाना बंद झाला. साध्या काळ्या सायकलीचे ते नाव आपल्यापैकी पुष्कळांच्या बालपणाशी निगडित आहे.

आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यात ज्योतीकुमारी नावाच्या मुलीने जखमी वडिलांना मागे बसवून गुरुग्रामहून दरभंग्यापर्यंत सुमारे 1200 किलोमीटर सायकल चालवली. तत्कालीन अमेरिकी राष्ट्राध्यक्षांच्या कन्येने तिच्या सहनशक्तीची वाहवा केली. येथल्या सायकल महासंघाने तिला चाचणीसाठी बोलावण्याची तयारी दाखवली. ती स्तुती प्रामाणिक असेलही. आम्हांस ती वाचताना अवघडल्यासारखे झाले, हे खरे. घरी पोचायला दुसरा मार्ग नसल्यामुळे जे करावे लागले, त्याला पराक्रम म्हटले की मार्ग का नव्हता हे विचारायचे राहून जाते. थोर म्हणण्याने मनुष्याचे देणे फिटल्यासारखे वाटते. 22 मार्चच्या सायंकाळी थाळ्या वाजवणाऱ्यांत आम्हीही होतो. थाळी वाजवण्यात गैर काही नव्हते, फक्त तिचा आवाज बराच वेळ कानांत राहतो आणि इतर काही ऐकू येत नाही.

अण्णांना हे विवेचन पसंत पडले नाही. ते म्हणाले, “तुम्ही घरी बसलात म्हणून साथ कमी पसरली. ते तुमचे कर्तव्य होते. कर्तव्य केल्याबद्दल लाज वाटून घेणारा कारकून मी चाळीस वर्षांत पाहिला नाही.” अण्णांचे म्हणणे आम्हांस मान्य आहे, आणि लाजेची गोष्ट आम्ही करीतही नाही. घरी बसण्यात अपराध नव्हता. पण त्यात गुणही नव्हता; आमचे काम कागदाचे आहे, हा योगायोग होता. नशिबाने मिळालेल्या आसऱ्याचे भाडे कोणीतरी भरीत असेल, तर ते किती हे विचारणे निराळे आणि स्वतःला दोषी ठरवणे निराळे. दोषी माणूस बहुधा स्वतःकडेच पाहत बसतो.

प्रश्न साथीबरोबर संपलाही नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 5 मे 2023 रोजी आणीबाणी संपल्याचे जाहीर केले; परंतु नोव्हेंबर 2024 मध्ये दिल्लीची हवा कमालीची विषारी झाली, तेव्हा दिल्ली सरकारने आपल्या निम्म्या कर्मचाऱ्यांस पुन्हा घरून काम करण्यास सांगितले. विषाणूसाठी आखलेली रेघ धुरासाठी कामी आली. त्या दिवसांत शांतिपथावरील आमची फेरी बंद होती. अशा हवेत जोराने श्वास घेणे प्रकृतीस बरे नव्हे, असे सर्वांचे एकमत झाले. वर्तमानपत्र मात्र रोज सहाला दारात पडत होते.

म्हणून आमच्या वसाहतीच्या सभेत असा ठराव मांडण्यात आला की धुराच्या आणि दाट धुक्याच्या दिवसांत वर्तमानपत्र साडेसातला आले तरी चालेल. चहाबरोबर वर्तमानपत्र लागणाऱ्यांनी विरोध केला, बाकीच्यांनी उदारपणे पाठिंबा दिला. तेवढ्यात एका भगिनींनी सुचवले की त्या मुलालाही एकदा विचारावे. विचारले. तो म्हणाला, साडेसात केले तर नऊची दुकानातली नोकरी चुकेल. त्यापेक्षा सायकलीला मागे एक लाल दिवा घेऊन द्या, आणि बिल दहा-पंधरा तारखेपर्यंत न लांबवता एक तारखेला देत जा. दिवा त्याच आठवड्यात आला. बिलाचा विषय पुढच्या सभेच्या कार्यक्रमपत्रिकेवर आहे.