शब्दवेध आणि संशय : गुप्तहेर-श्रुतिकेच्या नीतीविषयी

शरयूतीरी दशरथाने अंधारात बाण सोडला तो केवळ ध्वनीच्या भरवशावर. घडा भरण्याचा आवाज त्याला हत्ती पाणी पीत असल्याचा वाटला आणि श्रावण प्राणास मुकला. नेम अचूक होता. चुकला तो अन्वयार्थ. नभोवाणीवरील गुप्तहेर-श्रुतिकेचा श्रोता काहीसा याच स्थितीत असतो. त्याच्या संशयाची नैतिक जबाबदारी कोणाची, हा प्रश्न येथे उपस्थित करावयाचा आहे.

बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजारकथेचा वाचक शंका आल्यास पान मागे उलटू शकतो. श्रोत्याला ती सोय नाही. पुरावा ऐकू यावा लागतो : दार करकरते, पावले थबकतात आणि क्षण निघून जातो. मग श्रोता पुराव्याऐवजी कंठालाच धरतो. घोगरा स्वर, अडखळणे, प्रमाण मराठीहून निराळा हेल एवढ्यावर मनात आरोपपत्र सिद्ध होते. (विविध भारतीवरील 'इन्स्पेक्टर ईगल' या हिंदी मालिकेत तर नायकाचे नावच प्रायोजकाच्या थर्मासचे होते. विश्वास ठेवावा असा आवाज ही विक्रीचीही गरज असते.)

मराठवाड्यात हा प्रश्न अधिक बोचावा. औरंगाबादचे, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरचे, नभोवाणी केंद्र निजामी राजवटीतील. ते १९५० मध्ये ऑल इंडिया रेडिओकडे आले. या शहराच्या बोलण्यात मराठी, उर्दू आणि दखनी एकमेकींत मुरलेल्या आहेत. एकदा वर्गात मी संशयिताच्या तोंडचे एकच वाक्य दोनदा वाचले, प्रथम प्रमाण उच्चारांत आणि नंतर इथल्या हेलात. गुन्हेगार कोणता, असे विचारताच बहुतेक हात दुसऱ्या वाचनाला वर झाले. ज्यांच्या घरी तसेच बोलले जाते, त्यांचेही हात त्यांत होते.

यावर असे म्हणता येईल, की उत्तम रहस्यश्रुतिका हाच पूर्वग्रह उलटवते. अ‍ॅगाथा ख्रिस्ती यांच्या 'थ्री ब्लाइंड माइस' या १९४७ च्या बीबीसी श्रुतिकेतून पुढे 'द माउसट्रॅप' हे नाटक झाले. त्यात पोलीस म्हणून आलेला मनुष्यच खुनी निघतो. नभोवाणीवर तर त्याचा गणवेशही दिसत नाही. 'मी पोलीस' हे शब्द आणि त्यांतील अधिकार हेच त्याचे ओळखपत्र. येथे श्रोत्याची भाबडी श्रद्धा उघडी पडते, हे मान्य. परंतु धक्का बसावा म्हणून आधी ती श्रद्धा गृहीत धरावीच लागते. उलटापालट पूर्वग्रहावर जगते. ती त्याचा नाश करीत नाही.

शिवाय रहस्य उलगडल्यावर श्रुतिका संपते. ज्याच्यावर आपण अर्धा तास संशय घेतला, त्या नोकराला नंतर एकही वाक्य मिळत नाही. दशरथाला निदान श्रावणाच्या आईबापांसमोर पाणी घेऊन उभे राहावे लागले होते. श्रोता उठतो आणि बटण फिरवतो.