राक्षसाचा स्वभाव कोण लिहितं?

फँटसी रोलप्लेइंग खेळाची मोहीम आखायला बसलं की नकाशा, खजिना, शापित तलवार वगैरे गोष्टी पटापट सुचतात. अडतं ते एकाच ठिकाणी. खेळाडूंनी लढायचं कोणाशी? आणि ज्याच्याशी लढायचं, त्याला मारणं योग्य आहे हे कोणी ठरवलं?

हा खेळ ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. टेबलाभोवती चार-पाच खेळाडू आणि एक सूत्रधार बसतो. सूत्रधार जग उभं करतो, त्यात आपल्या पात्राने काय करायचं हे प्रत्येक खेळाडू ठरवतो आणि ते जमलं की फसलं हे वीस बाजूंचा फासा सांगतो. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी आणलेल्या 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'पासून हा प्रकार रूढ झाला. दिवाळीच्या सुट्टीत सेलूला येणारी भाचरं आणि गल्लीतली दोन-तीन पोरं यांच्यासाठी मी अशी एक मोहीम आखतो आहे. त्यांची अट एकच: दर बैठकीला नवा राक्षस पाहिजे.

राक्षसांचा तयार साठा हवा असेल तर १९७७ चं 'मॉन्स्टर मॅन्युअल' आहे. त्यात साडेतीनशेहून अधिक प्राणी आहेत. प्रत्येकाचं चिलखत किती, जीव किती, हल्ले किती याचा तक्ता आहे आणि त्यातच एक रकाना स्वभावाचा आहे. ऑर्कच्या रकान्यात 'दुष्ट' लिहिलेलं आहे. अमुक एक ऑर्क दुष्ट, असं नव्हे, तर सगळी जमातच. आपला राक्षसही त्या पुस्तकात आहे. वाघाचं डोकं, अंगात झगा, हातात पाइप, आणि स्वभाव अर्थातच दुष्ट.

या रकान्यामुळे खेळ सोपा होतो. खेळाडू गुहेत शिरतात, समोर ऑर्क दिसतात, तलवारी निघतात. पण त्याच गुहेत ऑर्कची पोरंबाळं सापडली तर? जगभरच्या खेळाडूंनी या प्रश्नावर वर्षानुवर्षं वाद घातले आहेत. ऑर्क ज्याने साहित्यात आणले त्या टॉल्किनलाही त्यांच्या जन्मजात दुष्टपणाचं कोडं शेवटपर्यंत नीट सुटलं नाही, हे त्याच्या पत्रांवरून दिसतं. खेळाच्या प्रकाशकांनी २०२० मध्ये ऑर्कांचं चित्रण बदलण्याची घोषणा केली आणि २०२४ च्या नियमपुस्तकात ऑर्क हे खेळाडूला घेता येणारं पात्र झालं.

आपल्याकडच्या भुतांना असा रकाना नाही. त्यांना चरित्र आहे. मुंज झाली पण लग्नाआधीच गेला, तो मुंजा, पिंपळावर राहणारा. बाळंतपणात गेली ती हडळ. धनावर जीव ठेवून मेला तो समंध. या याद्या करताना आपल्या लोकांनी 'हा कसा आहे' याआधी 'याचं काय राहून गेलं' हे विचारलं. राक्षसांचीही तीच गोष्ट. रामायणाच्या उत्तरकांडात राक्षस हा शब्द रक्षण करण्याशी जोडला आहे, आणि जोतीराव फुल्यांनी १८७३ च्या 'गुलामगिरी'त राक्षसांना मूळचे रक्षकच मानून सगळी पुराणं उलटीकडून वाचली. ज्या बळीला पाताळात घातलं त्याचं राज्य परत येवो, असं आपल्या घरांतल्या बायका दिवाळीत ओवाळताना म्हणतात, तेव्हा हरलेल्या बाजूची आठवण त्या जपतच असतात.

म्हणून आपली परंपरा निर्दोष आहे असं मात्र नाही. मुसलमान माणूस मेला की त्याचा खवीस होतो, असं सांगण्याची आपल्याकडे पद्धत आहे. म्हणजे रकाना आहेच, फक्त तो धर्माच्या नावाने भरलेला आहे. माझ्या टेबलाशी शेजारच्या मोहल्ल्यातला मुलगा बसणार आहे. त्याच्यासमोर हा खवीस मी कोणत्या तोंडाने आणू? आणि हडळीचं काय? बाळंतपणात वेळेवर मदत न मिळाल्याने बाई गेली, आणि गावाने तिची भीती घेतली. त्या भीतीत गावाची स्वतःची चूक सोयीस्करपणे झाकली गेली.

यावर कोणी म्हणेल, अहो, खेळ आहे. कागदावरचा ऑर्क मेला तर कोणाच्या घरी सुतक येतं? बरोबर आहे. असे खेळ खेळून पोरं हिंसक होतात असं मला अजिबात म्हणायचं नाही. माझा आक्षेप खेळाच्या आतलाच आहे. आमच्या भागात कपाशीवर बोंडअळी पडली की फवारणी करावी लागते. ते कष्टाचं काम आहे, पण त्यात नैतिक पेच नाही आणि फवारणाऱ्याला कोणी शूरवीरही म्हणत नाही. जन्मजात दुष्ट राक्षसाला मारणं ही तशीच फवारणी आहे. राक्षसाला वेगळं वागण्याचा पर्याय नसेल तर नायकालाही उरत नाही. मग तो नायक कसला? आणि हा खेळ तर निवड करण्याचाच आहे.

शिवाय असा रकाना कागदावरच राहतो असंही नाही. १८७१ साली ब्रिटिश सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. त्या यादीत नाव आलेल्या जमातीत जन्मलेलं मूल काहीही करण्याआधीच संशयित ठरत होतं. स्वतंत्र भारतात १९५२ मध्ये तो कायदा रद्द झाला. पण आजही कुठे चोरी झाली की संशय आधी पारध्यांच्या पालाकडे वळतो. सरकारी कागदावरचा रकाना खोडला गेला, लोकांच्या मनातला राहिला.

याच्या उलट टोकालाही एक खड्डा आहे. प्रत्येक राक्षसाला करुण कहाणी जोडली की दुष्टपणा हा शब्दच नाहीसा होतो. ज्याच्या घरातलं माणूस राक्षसाने खाल्लं, त्याला आपण त्या राक्षसाचं दुःखी बालपण ऐकवत बसायचं का? इथे दोन प्रश्न वेगळे ठेवायला हवेत. हा असा का झाला, हा एक. याला आत्ता थांबवायला हवं का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर कळलं म्हणून दुसऱ्यातून सुटका होत नाही. फक्त हातात तलवार घेताना आपण काय करतो आहोत हे माहीत असतं. समंधाला धन सोडण्याची संधी दिली, एकदा नाही, तीनदा दिली, तरी तो वाटसरूंना विहिरीत ओढतच राहिला, तर त्याच्याशी लढावं लागेल. तो दुष्ट ठरेल तो त्याच्या जातीने नव्हे, करणीने.

म्हणून माझ्या वहीत प्रत्येक राक्षसापुढे स्वभावाचा रकाना नाही. त्याजागी तीन प्रश्न आहेत: याला काय हवंय? याने कोणाचं काय बिघडवलंय? आणि मारण्याखेरीज दुसरी वाट कोणती? दुधनेच्या डोहात आसरा आहेत, त्यांना नदीचं पाणी हवंय. ज्वारीच्या रानात चकवा आहे, तो माणसं भुलवतो, पण कोणापासून लांब नेतो हे खेळाडूंनी शोधायचं आहे. चारठाण्याच्या जुन्या देवळांकडे जाणाऱ्या वाटेवर हडळ भेटते, आणि ती बाळाला शोधते आहे. खवीस आहे, पण त्याला धर्म नाही. त्याचं बळ मोठं आहे आणि त्या बळाचं काय करावं हे त्याला कळत नाही.

यातल्या एखाद्याला पोरं मारतीलच. फासा पडेल, कोणीतरी ओरडेल, आणि त्यात गैर काही नाही. सूत्रधार म्हणून माझं काम त्यांचे हात धरण्याचं नाही. तलवार उपसण्याआधी समोरच्याला एकदा तोंड उघडू देण्याइतकी जागा गोष्टीत ठेवणं, एवढंच माझ्याकडे आहे. ती जागा वापरायची की नाही, हे त्यांनी ठरवायचं.