संथ पाण्याचा हिशेब

समुद्र सगळे पोटात घेतो, हा आपला जुना भरवसा. ठाण्याच्या खाडीत तो साफ खोटा ठरतो. मुंबई आणि नवी मुंबई यांच्यामधली ही सुमारे २६ किलोमीटर लांबीची खाडी ठाण्याकडे जाताना अरुंद आणि उथळ होत जाते. पावसाळा सरला की गोडे पाणी नावापुरते उरते आणि ओहोटीला निघालेले बरेचसे पाणी भरतीबरोबर पुन्हा आत येते. या संथपणामुळेच गाळ खाली बसतो, त्यात तिवरे रुजतात, निवट्या आणि चिंबोऱ्या पोसल्या जातात. पण त्याच गाळाला कारखान्यांच्या सांडपाण्यातले जड धातूही धरून राहतात. खाडीची सुपीकता आणि तिचा दुबळेपणा यांचे मूळ एकच आहे. म्हणून तिच्यात किती घाण सोडावी, हे खुल्या समुद्राच्या मापाने ठरवता येत नाही.

यावर फ्लेमिंगोंकडे बोट दाखवले जाते. ते हजारोंनी येतात, २०१५ मध्ये इथे त्यांचे अभयारण्य झाले, २०२२ मध्ये खाडीला पाणथळ जागांसाठीचा आंतरराष्ट्रीय रामसर दर्जा मिळाला. मग खाडी बिघडली कशी? पण छोट्या फ्लेमिंगोचे मुख्य खाद्य म्हणजे सूक्ष्म नीलहरित शेवाळ, आणि सांडपाण्यातल्या नत्र-स्फुरदावर ते फोफावते. शेवाळ माजून कुजू लागले की पाण्यातला प्राणवायू घटतो आणि माशांचा जीव गुदमरतो. त्यामुळे पक्ष्यांच्या गर्दीवरून खाडीची प्रकृती ठरवणे धोक्याचे आहे. कोळ्याच्या जाळ्यात काय येते, हेही पाहायला हवे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: कोट्यवधींच्या महानगराला रस्ते आणि घरे लागणारच, तोडलेली तिवरे दुसरीकडे लावू. गरज खरी आहे, उपाय मात्र अपुरा आहे. तिवर भरती-ओहोटीच्या ठरावीक पट्ट्यातच जगते, आणि उघड्या चिखलपट्टीवर ते लावले तर तिथे चरणाऱ्या पक्ष्यांचीच जागा जाते. तिवरांचा नाश हा जगण्याच्या मूलभूत हक्कावरचा घाला आहे, असे मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये म्हटले, ते उगाच नव्हे. शिवाय सगळी बांधकामे सारखी नसतात. खांबांवरचा पूल निदान भरतीला वाट ठेवतो, भराव ती कायमची बुजवतो. तेव्हा प्रत्येक प्रकल्पाला पहिला प्रश्न हाच विचारावा, की यानंतर पाणी आत-बाहेर करू शकेल का? आणि प्रत्येक नगरपालिकेला दुसरा, की प्रक्रिया न केलेले किती सांडपाणी तुम्ही सोडता? या दोन उत्तरांशिवाय मिळणारी परवानगी विकासाची नसते. ती पुढच्या पिढीच्या नावावर काढलेल्या कर्जाची असते.