काही विशेष नाही

दर रविवारी सकाळी मी पुण्याला आईला फोन करतो. "काय चाललंय?" "काही विशेष नाही रे." वीस वर्षं हाच संवाद! बायको म्हणते, तुम्ही दोघं हे एकदा टेप करून ठेवा आणि दर रविवारी वाजवा.

या "काही विशेष नाही"ची किंमत मला पटली ती सूर्यामुळे. 10 मे 2024 च्या रात्री अमेरिकेत ठिकठिकाणी गुलाबी-हिरवं आकाश दिसलं, आठवतंय ना? मित्रांचे फोटो पाहून मी त्यावर वाचायला बसलो, तेव्हा कळलं की त्याच रात्री दहाच्या सुमारास (आपल्या ईस्ट कोस्टच्या वेळेने) आणखी एक पाहुणा येऊन गेला होता. सूर्यावरच्या दुसऱ्याच एका स्फोटातून निघालेले, जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने धावणारे प्रोटॉन! ते स्वतः जमिनीपर्यंत पोचत नाहीत. वर हवेतल्या अणूंवर आदळतात आणि त्या टकरीतून उडालेले न्यूट्रॉन खाली येतात. ते मोजायला शिशाने आणि पॉलिथिलीनने वेढलेल्या, वायूने भरलेल्या नळ्या लागतात. शिकागोच्या जॉन सिम्प्सन यांनी 1948 साली हे यंत्र बनवलं. नाव न्यूट्रॉन मॉनिटर.

अशा मॉनिटर्सचं एक जाळं डेलावेअर विद्यापीठ चालवत आलं आहे. मी एम.एस. केलं ते याच विद्यापीठात! 20 जानेवारी 2005 च्या रात्री, पहाटे दोनच्या सुमारास, 1956 नंतरचा सर्वांत मोठा असा मारा पृथ्वीवर झाला. मी तेव्हा नेवार्कमध्येच होतो, बहुधा असाइनमेंटशी झटापट करत. त्याच गावातलं यंत्र मोजत होतं आणि मला पत्ताही नव्हता.

1942 साली अशी घटना प्रथम नोंदली गेली. तेव्हापासून आजवर त्या जेमतेम पंचाहत्तरच्या आसपास. ऐंशीहून अधिक वर्षांत! बाकीचे सगळे दिवस कागदावर जवळपास सरळ रेघ. कोलोरॅडोतल्या क्लायमॅक्सचं यंत्र पन्नासहून अधिक वर्षं अशी रेघ काढत होतं. 2006 मध्ये ते बंद झालं.

मग प्रश्न पडतो, काहीच न घडणाऱ्या दिवसांचे पैसे कोणी आणि का द्यायचे?

मंडळी, हा प्रश्न विचारणं हाच माझा धंदा आहे. काही वर्षांपूर्वी एका क्लायंटसाठी मी खर्चकपातीचा रिपोर्ट लिहिला. रात्रपाळीत सर्व्हर्सवर लक्ष ठेवणारे एक गृहस्थ होते. दोन वर्षांत एकही मोठा बिघाड नाही, सबब ही जागा अनावश्यक, असं मी लिहिलं. त्यांची नोकरी गेली. नंतर आभाळही कोसळलं नाही. म्हणजे हिशेबाने मी बरोबर! तरीही ते वाक्य मला अजून टोचतं. काही घडत नाही म्हणजे कोणी काही करत नाही, असं मी गृहीत धरलं होतं.

पैसा अमर्याद नसतो, प्रत्येक पहारा ठेवता येत नाही, हे मला मान्य आहे. पण न्यूट्रॉनची गणती वाढली म्हणायची, तर कशाच्या तुलनेत? कालच्या, परवाच्या, त्या कंटाळवाण्या दिवसांच्याच ना! त्यांची नोंद नसेल तर मोठा दिवस ओळखणार कसा?

मागच्या वर्षी एका रविवारी आई नेहमीसारखंच "काही विशेष नाही" म्हणाली, पण किंचित थांबून. मी खोदून विचारलं. आदल्या दिवशी ती बाथरूममध्ये पडली होती, मनगटाला प्लास्टर होतं. "तू तिकडे काळजी करशील म्हणून नाही सांगितलं," म्हणाली.

आता रिपोर्ट लिहिताना "अनावश्यक" हा शब्द आला की मी थांबतो, आणि तिथे काम करणाऱ्या माणसाला आधी भेटून येतो. रविवारचा फोनही चुकवत नाही. बायको अजून हसतेच!