बालकाचा विषाद आणि गृहस्थाचा धर्म

श्रीमद्भगवद्गीतेच्या पहिल्या अध्यायास 'अर्जुनविषादयोग' असे नाव आहे. नित्यपाठ करणारे पुष्कळ सज्जन हा अध्याय भराभर वाचून पुढे जातात. खरा उपदेश दुसऱ्या अध्यायापासून सुरू होतो, अशी त्यांची समजूत असते. परंतु ज्याच्या घरी लेकरे वाढत आहेत, त्या गृहस्थाने या अध्यायापाशी अवश्य थांबावे.

अर्जुन काही भ्याड नव्हता. असे असूनही त्या दिवशी त्याचे अवयव गळून गेले, तोंडाला कोरड पडली, अंगाला कापरे भरले, त्वचेचा दाह होऊ लागला, हातातले गांडीव निसटले आणि मन जणू भोवंडून गेले. मनाचे दुःख देहावर कसे उमटते, ते गीतेने असे आरंभीच सांगून ठेवले आहे. शूर पुरुषाची जर ही अवस्था होऊ शकते, तर आठ-दहा वर्षांच्या बालकाची झाली तर त्यात नवल काय आणि लाज ती कसली?

आता भगवंतांनी काय केले ते पाहावे. त्यांनी रथ मागे फिरवला नाही, अर्जुनाला रथाखाली उतरवले नाही, दुसऱ्या कोणाच्या स्वाधीनही केले नाही. तो बोलत राहिला आणि हे ऐकत राहिले. अर्जुन धनुष्य टाकून खाली बसेपर्यंत भगवंतांनी त्याला मध्ये तोडले नाही. कोणी म्हणेल, "पुढे त्यांनी त्याला खडसावलेच ना?" होय, दुसऱ्या अध्यायाच्या आरंभी दोन कठोर श्लोक आहेत. पण तेवढ्याने अर्जुन सावरला नाही, हेही गीताच सांगते. मग भगवंतांनी कठोरपणाचा हट्ट धरला नाही. प्रसन्न मुखाने, सख्याच्या नात्याने, त्याच्या एकेका शंकेचे निरसन करीत ते अठराव्या अध्यायापर्यंत त्याच्याजवळ राहिले. रागावून जे झाले नाही, ते जवळ बसून झाले.

आपल्या घरांत मात्र बहुधा याच्या उलट घडते. बालकापाशी आपले दुःख सांगायला शब्द नसतात. शाळेच्या वेळीच त्याचे पोट दुखते. सुटलेली अंथरूण ओले करण्याची सवय पुन्हा जडते. हसते-खेळते मूल कोपऱ्यात बसू लागते, किंवा क्षुल्लक कारणावरून वस्तू फेकू लागते. रात्री दचकून उठते. वडील म्हणतात, "नाटके करतो आहे." आजी दृष्ट काढते. शेजारीण बाहेरची बाधा असल्याचे सुचवते. आणि थोरल्या बहिणीचे लग्न मोडेल या भयाने सारे घर ती गोष्ट झाकून ठेवते. या झाकण्यात वर्षे निघून जातात, आणि सगळा दोष शेवटी आईच्या माथी येतो. २०१५-१६ साली बंगळूरच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य व तंत्रिका विज्ञान संस्थेने, म्हणजेच 'निम्हान्स'ने, बारा राज्यांत पाहणी केली. तीत १३ ते १७ वर्षे वयाच्या मुलांपैकी शेकडा ७.३ मुलांना कोणता ना कोणता मनोविकार असल्याचे आढळले. म्हणजे चाळीस मुलांच्या एका वर्गात सुमारे तिघे! हे दुःख परक्या घरचे नव्हे.

याच संस्थेचा मार्ग गृहस्थांनी समजून घेण्याजोगा आहे. बंगळूरच्या जुन्या सरकारी मनोरुग्णालयाला जोडून १९५४ साली अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था सुरू झाली, आणि १९७४ मध्ये त्या दोहोंची मिळून निम्हान्स झाली. पूर्वी आपल्या देशात मनोरुग्णाला उंच भिंतींच्या आत ठेवून नातलगांनी घरी परतावे, अशीच रीत होती. १९५०च्या दशकात अमृतसरचे डॉ. विद्यासागर यांनी ती मोडली. रुग्णालयात जागा अपुरी व माणसे थोडी. म्हणून त्यांनी आवारात तंबू ठोकले आणि नातलगांना रुग्णासोबत राहू दिले. नातलगांना एकत्र बसवून ते आजाराचे स्वरूप समजावून सांगत. रुग्ण लवकर सुधारून घरी जाऊ लागले, आणि घरच्यांचे भयही गेले. अडचणीतून निघालेली ही वाट पुढे वेल्लोरला व बंगळूरलाही रुळली. आज निम्हान्समध्ये बालक दाखल होते तेव्हा आई किंवा वडील त्याच्याजवळ राहतात, आणि उपचारांत त्यांनाही शिकवले जाते. रथावर सारथी जवळच हवा, असाच याचा अर्थ नव्हे काय?

संस्था एवढ्यावर थांबली नाही. तिने १९७५ मध्ये सामुदायिक मानसिक आरोग्याचा विभाग काढला आणि बंगळूरजवळच्या सकलवारा येथील केंद्रातून खेड्यापाड्यांतील आरोग्यसेवक व डॉक्टर यांना मनोविकार ओळखण्याचे शिक्षण दिले. १९८०च्या दशकात बळ्ळारी जिल्ह्यात हाच प्रयोग मोठ्या प्रमाणावर झाला. त्याच धर्तीवर १९९६ पासून देशात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला. याच संस्थेतील डॉ. मालविका कपूर यांनी शाळांतील मुलांच्या मानसिक आरोग्याचे काम केले. यामागचा विचार एकच : दुःखी बालक जेथे आहे तेथेच, त्याच्या घरी, शाळेत व गावात, त्याला आधार मिळावा, आणि तो देणारी माणसे त्याच्या रोजच्या ओळखीची असावीत.

येथे एक शंका हमखास निघते : "हे त्या मुलाचे प्रारब्ध, त्यावर औषध काय करणार?" बालकाला ताप आला असता आपण प्रारब्ध म्हणून स्वस्थ बसत नाही, वैद्याकडे धावतो. मग मनाच्या तापाला वेगळा न्याय का? गीतेच्या अठराव्या अध्यायात प्रत्येक कर्माच्या सिद्धीस पाच कारणे सांगितली आहेत, आणि दैव त्यांपैकी केवळ पाचवे आहे. उरलेली चार सोडून जो दैवावरच बोट ठेवतो, त्याने गीता अर्धीच वाचली. आणि कारणे जर अनेक असतात, तर सारा दोष एकट्या आईवर किंवा एकट्या मुलावर टाकणे हेही गीतेला धरून नाही.

दुसरी शंका भाविकांची : "नामस्मरण व गीतापाठ असताना डॉक्टर कशाला?" पाठाने घरात शांती येते, आईवडिलांना धीर मिळतो, तो जरूर करावा. परंतु पाठ करतो म्हणून औषध बंद करणे ही श्रद्धा नव्हे. वैद्याच्या हातूनही भगवंतच काम करतो, असे ज्याला दिसते त्याची श्रद्धा अधिक खोल.

तेव्हा गृहस्थाने पुढील गोष्टी आचराव्यात.

(१) मूल बोलू लागले की हातातले काम ठेवून ऐकावे. मध्येच उपदेश करू नये. सतराव्या अध्यायात वाणीचे तप सांगितले आहे. दुसऱ्याच्या मनाला न पोळणारे, सत्य, प्रिय आणि हितकर बोलणे, हेच ते तप. ते प्रथम आपल्या लेकरापाशी करावे.

(२) आहार, विहार, निद्रा व जागृती यांत प्रमाण असावे, हे सहाव्या अध्यायातील वचन घराला लागू करावे. मुलाची झोप आणि खेळ अभ्यासासाठी हिरावून घेऊ नये.

(३) काही आठवडे बदल टिकला तर शिक्षकांना विचारावे आणि डॉक्टरांना दाखवावे. २०२२च्या ऑक्टोबरपासून सुरू झालेल्या शासनाच्या 'टेली-मानस' सेवेत १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो. मूल मरणाची भाषा बोलले, तर ती कधीही थट्टेवारी नेऊ नये. त्याला एकटे न सोडता त्याच दिवशी मदत घ्यावी.

(४) मारणे, कोंडणे, उपाशी ठेवणे, मांत्रिकाकडे नेऊन चटके देववणे, हे पाप आहे.

(५) आईला विसावा द्यावा. आजारी मुलाची आई रात्रंदिवस एकटी झिजत असते. काका, मावशी, शेजारी यांनी तासभर मूल सांभाळणे ही मोठी सेवा होय.

या पाचव्या गोष्टीत समाजाचे कर्तव्य येते. ज्या घरी असे मूल आहे, त्या घरी लोक जाईनासे होतात; लग्नकार्याला बोलावीत नाहीत; आपल्या मुलांना त्याच्याशी खेळू देत नाहीत. औषधाने कमावलेले या वागण्याने गमावले जाते. आपल्या सत्संग मंडळांनी निदान एवढे करावे : त्या आईवडिलांना सन्मानाने बोलवावे, मुलाला इतरांच्या पंक्तीत बसवावे, आणि कुजबुज कोठे सुरू झाली तर ती थांबवावी. सर्वांभूती एकच भगवंत पाहणाऱ्याला हे अवघड का वाटावे?

गीतेच्या शेवटी भगवंत अर्जुनाला विचारतात, "हे सारे तू एकचित्ताने ऐकलेस ना? तुझा मोह गेला ना?" इतका उपदेश करून झाल्यावरही सखा चौकशी करतो! आणि त्याआधी, "विचार करून तुला योग्य वाटेल तसे कर," असे म्हणून त्याचे स्वातंत्र्यही राखतो. जवळ बसावे, ऐकावे, मार्ग दाखवावा, पुन्हा विचारपूस करावी आणि त्याला त्याच्या पायांवर उभे राहू द्यावे, हा सारथ्याचा धर्म. प्रत्येक घरातील लहानग्या अर्जुनाला असा सारथी त्याच्या आईवडिलांतच लाभो, आणि जेथे आईवडील थकले असतील तेथे शेजाऱ्यांत लाभो, हीच श्रीपार्थसारथीच्या चरणी प्रार्थना.