काठीवरचा आकडा, दोरीचं वजन

प्रिय नातवा,



तुझं पत्र मिळालं. ब्लँक, म्हणजे काठीचा नुसता दांडा, आला, कॉर्क आलं, गुंडाळायचा दोरा आला, आता लाइन कोणत्या नंबरची घ्यायची एवढंच सांग, असं तू लिहितोस. रॉड बांधण्याच्या साऱ्या खटाटोपात मला सर्वांत मोलाचा वाटणारा प्रश्न नेमका हाच आहे. दुकानात त्याचं उत्तर एका वाक्यात मिळतं: काठीवर पाच लिहिलंय, पाच नंबरची लाइन घ्या. ते उत्तर मी तुला देणार नाही, कारण हे दोन पाच एका जातीचे नाहीत. लाइनवरचा पाच म्हणजे वजन. ते तराजूवर ठेवून खरं-खोटं करता येतं. काठीवरचा पाच म्हणजे ती काठी बनवणाऱ्याचं मत.

आधी मुळापासून सांगते. आपल्या कोकणात खाडीवर गळ टाकणारा माणूस दोरीला शिसं बांधतो. शिसं झेपावतं आणि दोरी त्याच्यामागून जाते. फ्लाय फिशिंगचं, म्हणजे नकली माशी लावून मासे धरण्याचं, सगळं याच्या उलट आहे. पिसं आणि दोरा गुंडाळून केलेल्या त्या माशीला वजन नसतंच म्हटलं तरी चालेल, ती फेकू म्हटलं तर हातभरही जाणार नाही. म्हणून वजन दोरीतच भरलेलं असतं. हवेत फेकली जाते ती दोरी, आणि माशी तिच्या टोकाला धरून जाते. काठी वाकते ती या दोरीच्या वजनाने, आणि सरळ होताना दोरीला पुढे ढकलते. वजन कमी पडलं तर काठी वाकत नाही, सगळं काम खांद्याला करावं लागतं. जास्त झालं तर काठी वाकून राहते, वेळेवर उभी होत नाही आणि दोरीचा फास पाण्यावर कोसळतो.

पूर्वी या दोऱ्या रेशमाच्या असत आणि त्यांची ओळख जाडीवरून होई. जाडीला अक्षरं होती. ए म्हणजे इंचाचे 60 सहस्रांश, बी म्हणजे 55, असं पाचपाचने उतरत एच 25 वर. एचसीएच लिहिलं की दोन्ही टोकं 25 सहस्रांश आणि मधला भाग 50, हे जाणणाऱ्याला लगेच कळे. सगळं रेशीम जवळपास सारख्याच घनतेचं, त्यामुळे जाडी सांगितली की वजनही सांगून झालं. दुसऱ्या महायुद्धानंतर नायलॉन आलं, मग प्लॅस्टिकचा लेप आला, आणि हा हिशेब मोडला. एकाच जाडीच्या दोन दोऱ्या वेगळ्या वजनाच्या निघू लागल्या. शेवटी 1961 साली अमेरिकेतल्या मासेमारी साहित्य उत्पादकांच्या संघटनेने जाडी सोडून वजन धरलं. लाइनच्या पुढच्या टोकाचा एकसारख्या जाडीचा छोटा तुकडा वगळायचा, तिथून पुढचे पहिले 30 फूट घ्यायचे, आणि तेवढ्याचं वजन ग्रेनमध्ये करायचं. तीन नंबरला 100 ग्रेन, चारला 120, पाचला 140, सहाला 160, सातला 185, आठला 210. पाच नंबरला सहा ग्रेन इकडेतिकडे चालतात, सहाला आठ. तुला ग्रॅम जवळचे वाटत असतील तर पाच नंबरची लाइन साधारण 9.1 ग्रॅम भरते आणि सहाची 10.4. सव्वा ग्रॅमच्या जरासा वर एवढाच सगळा फरक, आणि तो हाताला स्वच्छ कळतो.

आता त्या 30 फुटांकडे नीट बघ. ते प्रमाण मोजण्यासाठी ठरवलेलं आहे, मासे ते पाळत नाहीत. पाच नंबरच्या लाइनचा एक फूट ढोबळमानाने पावणेपाच ग्रेनचा. अरुंद ओढ्यावर झाडीखाली तू 21 फूटच लाइन बाहेर काढलीस, तर काठीच्या वाट्याला 100 ग्रेनच्या आसपास वजन येतं, म्हणजे तीन नंबरचं. तीच लाइन रुंद पात्रावर 34 फूट काढलीस की 160 ग्रेन, म्हणजे सहा नंबरचं. काठी तीच, लाइन तीच, पण काठीला एका दिवसात तीनपासून सहापर्यंतचं ओझं उचलावं लागलं. म्हणून मला कोणी काठीचा नंबर विचारला की मी उलट विचारते: तू किती लांब फेकतोस? तुझ्या पत्रात पूडर नदीच्या वरच्या अंगाचे फाटे आहेत, खडकांमधले छोटे डोह आहेत. तिथे तू बहुतेक वेळ 20-25 फुटांतच मासे पकडणार. दुकानातले लोक काठी हलवून बघतात आणि मोकळ्या मैदानावर 50-60 फूट फेकून बघतात, मग तीच काठी डोंगरातल्या ओढ्यावर नेऊन ती लाकडासारखी लागते म्हणून कुरकुरतात.

यात आणखी एक गुंता गेल्या काही दशकांत वाढला आहे. कार्बनच्या काठ्या दरवर्षी अधिक ताठ होत गेल्या, कारण ताठ काठी लांब फेकते आणि लांब फेकणारी काठी विकली जाते. त्या ताठ काठ्या पाच नंबरच्या खऱ्या वजनाने वाकेनात. मग लाइन बनवणाऱ्यांनी पाच लिहून साडेपाच, कधी थेट सहाचं वजन भरायला सुरुवात केली. काही जण डब्यावर तसं छापतात, ते प्रामाणिक. पण परिणाम असा की मापासाठी ठरवलेला आकडाच ढिला झाला, आणि त्या जड लाइनवर पारखलेली पुढची काठी आणखी ताठ निघाली. मला याचा मनापासून राग येतो. साठ वर्षांपूर्वी लोकांनी एकत्र बसून एक स्वच्छ माप ठरवलं होतं, ते विक्रीच्या सोयीसाठी असं झिजवू नये. तू एक कर: लाइन आणलीस की टोकाचा तो छोटा तुकडा सोडून पहिले 30 फूट मोज, तिथे दोऱ्याची खूण बांध, तेवढ्याचं वेटोळं हलक्या वाटीत ठेव आणि दशांश ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर तोल. उरलेली लाइन शेजारी त्याच पातळीवर आधाराला ठेव, नाहीतर ती वाटी ओढेल. जो आकडा येईल तो डब्यावर लिहून ठेव. छापील नंबर खोडलास तरी चालेल.

लाइन तोलली, आता काठी. तिच्यासाठी विल्यम हॅनेमन नावाच्या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने 2003 च्या सुमारास एक पद्धत मांडली. ती इतकी साधी आहे की इतकी वर्षं कोणाला कशी सुचली नाही याचं मला नवल वाटतं. काठीची मूठ टेबलाच्या कडेला घट्ट बांधायची, बुडाचा भाग अगदी आडवा. टोक भिंतीवर जिथे येतं तिथे खूण. त्या खुणेच्या खाली, काठीच्या लांबीच्या एकतृतीयांश अंतरावर दुसरी खूण. तुझी काठी नऊ फुटी, म्हणजे 108 इंच, तेव्हा दुसरी खूण 36 इंच खाली. मग टोकाला कागदाच्या क्लिपने एक पातळ पिशवी लटकवायची आणि तीत एकेक सेंटचं नाणं टाकत जायचं, टोक दुसऱ्या खुणेवर येईपर्यंत. जितकी नाणी तितकी काठीची ताकद. हॅनेमन यांनी नाण्यांवरून लाइनच्या नंबरापर्यंत पोचवणारं कोष्टकही करून ठेवलं, ते तुला सहज सापडेल. नाणी मात्र निवडून घे. 1982 नंतरची सेंट जस्ताची, प्रत्येकी अडीच ग्रॅमची. त्याआधीची तांब्याची, तीन ग्रॅमहून थोडी जड. त्या सालात दोन्ही निघाली, म्हणून 1982 ची बाजूलाच ठेव. मी शेवटी पिशवीसकट सगळं काट्यावर ठेवते आणि ग्रॅममध्येच लिहिते, मग नाण्यांची भानगड उरत नाही.

तेवढ्यावर थांबू नकोस. वजन लटकलेलं असतानाच टोकाचा शेवटचा भाग आडव्या रेषेशी किती अंशांचा कोन करतो तेही कोनमापकाने बघ. कोन मोठा असेल तर काठी मुख्यतः टोकाकडे वाकते आहे, तिला वेगवान म्हणतात. लहान असेल तर बाक खाली मुठीपर्यंत उतरतो आहे, ती संथ. ताकद आणि चाल या वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि बहुतेकांच्या बोलण्यात त्यांची गल्लत होते. ताठ काठी संथ असू शकते, मऊ काठी वेगवान असू शकते. आणि कोष्टकापेक्षाही भरवशाचा मार्ग सांगते: जी काठी तुझ्या हाताला आवडली आहे, मित्राची असो की क्लबातली, ती मागून आण आणि तिचं असंच माप घे. मग तुझ्या ब्लँकचे आकडे तिच्या शेजारी ठेव.

माझ्या अंदाजाने तुझा ब्लँक पाच लिहिलेला असला तरी सहाच्या पुढे भरेल. तसं निघालं तर वाईट वाटून घेऊ नकोस. छोट्या ओढ्यावर त्याच्यावर सहाची, अगदी सातची लाइनही लाव, 20 फुटांत काठी जागी होईल. उघड्या पात्रावर वाऱ्यात 40 फूट फेकायचं असेल तेव्हा पाचची खरी लाइन पुरे.

बांधणीचं थोडक्यात सांगते, कारण हाताने करताना तू शिकशीलच. ब्लँकचा कणा शोधण्यावरून लोक हिरिरीने भांडतात. कार्बनची चादर जिथे एकावर एक येते तिथे एक बाजू जरा कडक होते, आणि दाबून फिरवलं की काठी एका जागी उडी मारते, हे खरं. पण त्याने काठी फेकताना पिळवटते हे मला पटत नाही. फ्लाय रॉडवर लाइन ओवायच्या कड्या काठीच्या खालच्या अंगाला असतात, त्यामुळे ओढ बसली तरी त्या खालीच राहतात. मी कणा सोडून सरळपणा बघते: ब्लँकला जो नैसर्गिक बाक असेल तो वर किंवा खाली येईल असा ठेवते, बाजूला कधीच नाही. कड्या किती, याचा जुना ठोकताळा म्हणजे लांबीचे फूट अधिक एक, म्हणजे तुला दहा. त्यांच्या जागा पुस्तकातून घेऊ नकोस. आधी चिकटपट्टीने बसव, लाइन ओव, टोकाला ओढ दे, आणि दोन कड्यांमधली लाइन काठीच्या बाकाला धरून जाते का ते बघ. जिथे ती बाक सोडून सरळ कापत जाईल तिथली कडी सरकव.

टोकाजवळ वजनाबाबत कंजूष हो. मुठीजवळ दोन ग्रॅम वाढले तर काठीला पत्ताही लागत नाही, टोकाकडे अर्धा ग्रॅम वाढला की ती सुस्तावते. म्हणून वरच्या कड्या एकपायी आणि हलक्या, दोऱ्याचे वेढे लागतील तेवढेच, आणि इपॉक्सीचा एक जाड थर देण्याऐवजी दोन पातळ. मूठ मात्र सढळ हाताने कर. अर्ध्या इंची कॉर्कच्या चौदा चकत्या म्हणजे सात इंच. चिकटवून वाळल्यावर घासताना दर थोड्या वेळाने हातात धरून बघ, कारण तुझा तळवा माझ्यापेक्षा बराच रुंद आहे आणि छापील आकार कोणा तिसऱ्याच्या हातासाठी काढलेले असतात.

बांबूबद्दल विचारलंयस. आत्ता नको, पण वाचून ठेव. मी राहते त्या पेन्सिल्वेनियातच ईस्टन गावी सॅम्युअल फिलिपी नावाचा बंदुका आणि व्हायोलिनं करणारा कारागीर होता. 1840 च्या दशकात त्याने बांबूच्या चिरफळ्या जोडून काठ्या केल्या, आणि पुढे सहा चिरफळ्यांची षट्कोनी काठी हीच रीत रूढ झाली. बांबूचे बळकट तंतू सालीलगत दाट असतात, आत विरळ. सहा त्रिकोणी चिरफळ्या साल बाहेर ठेवून जोडल्या की सगळं बळ तिथे येतं जिथे वाकताना ताण सर्वांत जास्त. सुरुवातीला हा बांबू कलकत्त्याच्या बंदरातून जाई आणि त्याच नावाने ओळखला जाई. आपल्या देशातला बांबू इथल्या ट्राउटवर वाकत होता, याचा मला अजूनही आनंद होतो. नंतर चीनच्या ग्वांगडोंग प्रांतातल्या एका छोट्या टापूतला बांबू त्याहून सरळ आणि चिवट निघाला, त्याला टॉन्किन म्हणतात. 1950 च्या अखेरीस अमेरिकेने चीनशी व्यापार बंद केला, तो बांबू येईनासा झाला, आणि काचतंतूच्या काठ्यांना रान मोकळं मिळालं.

बांबूने एक गणित शिकवलं ते कार्बनलाही लागू आहे. भरीव काठीचा ताठपणा जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. जाडी पाच टक्के वाढवली तर वजन दहा टक्क्यांच्या आसपास वाढतं, पण ताठपणा एकवीस टक्क्यांहून जास्त. म्हणून बांबूचे कारागीर इंचाच्या सहस्रांशांत रंधा मारतात. एव्हरेट गॅरिसन हा पेशाने अभियंता. त्याने काठीच्या प्रत्येक भागावरचा ताण गणिताने काढून जाडी ठरवली, आणि होगी कारमायकेलने ती सारी कृती 1977 च्या पुस्तकात उतरवली. ते माझ्याकडे आहे, तू येशील तेव्हा ने.

दरम्यान मी तुला तीन जुन्या लाइनी पोस्टाने पाठवते आहे. प्रत्येकीला तिच्या पहिल्या 30 फुटांच्या खऱ्या वजनाची चिठ्ठी बांधली आहे: 121 ग्रेन, 142 आणि 163. कड्या चिकटपट्टीवरच असताना तिन्ही ओवून ओढ्यावर जा, तुझ्या नेहमीच्या अंतरावर फेक, आणि मगच दोरा गुंडाळायला घे. कोणत्या लाइनला काठी कशी वागली, पिशवीत किती ग्रॅम भरले आणि कोन किती आला, हे मला लिही. लाइन विकत घ्यायची घाई त्याआधी करू नकोस.

तुझी,
आजी